निळ्या पानाचं कार्ड

ज्योत्स्नानं नर्सिंगच्या शाळेचा विषय पहिल्यांदा काढला तेव्हा वाल्मीक जेवत होता. ती म्हणाली, "बारावी झालेल्यांना घेतात. वयातही बसते मी अजून. पण धुळ्याला हॉस्टेलात राहावं लागंल. तीन वर्षं."

वाल्मीकनं तोंडातला घास सावकाश संपवला, वर पाणी प्यायला आणि म्हणाला, "जाय."

बस, एवढंच. बायकोला वाटलं होतं चार दिवस समजूत काढावी लागेल, सासूला मध्ये घालावं लागेल. तिनं मनात किती तरी वाक्यं जुळवून ठेवली होती, ती सगळी तशीच राहिली. जूनमध्ये कागदपत्रं झाली, मुलाखत झाली, आणि पावसाळा संपत आला असताना ज्योत्स्ना एक पत्र्याची पेटी घेऊन धुळ्याला गेली. मागं राहिले वाल्मीक, त्याची आई बेबाबाई, पाचवीतली मयुरी आणि पहिलीतला आकाश.

बोदवडच्या त्यांच्या गल्लीत मात्र वाल्मीकच्या त्या एका शब्दाची चर्चा बरेच दिवस चालली. दोन लेकरांची आई कुठं शाळेत जाते का, असं बायका विहाराच्या ओट्यावर बसून बोलायच्या. पुरुष तोंडावर बोलत नसत, पण वाल्मीक सकाळी नळावर हंडा घेऊन उभा राहिला की एखादा हसून विचारायचा, "काय, आज भाजी कोणती?" वाल्मीक सांगायचा, "वांगं." त्याला टोमणा कळायचा नाही असं नाही. पण विचारलं त्याचं उत्तर द्यायचं आणि पुढं चालायचं, ही त्याची जुनी रीत होती.

तो गावाबाहेरच्या जिनिंगमध्ये प्रेसवर कामाला होता. रुई दाबून गाठ तयार झाली की तिला पट्ट्या आवळायच्या, हे त्याचं काम. दिवाळीपासून होळीपर्यंत हंगाम. त्या दिवसांत तो घरी यायचा तेव्हा केसांत, भुवयांत, कानांच्या पाळ्यांवर रुई असायची. आकाश म्हणायचा, "पप्पा म्हातारे होऊन आले."

जानेवारीच्या शेवटी एका रविवारी ज्योत्स्नाचा व्हिडिओ कॉल आला. मोबाईल डब्याला टेकवून ठेवला होता आणि सगळे त्याच्यासमोर दाटीवाटीनं बसले होते. ती म्हणाली, "पुढच्या महिन्यात आमचा शपथविधी आहे. त्या दिवशी पहिल्यांदा पांढरा युनिफॉर्म घालून दिवा हातात घ्यायचा. घरच्यांना बोलावलंय. याल का तुम्ही?"

"येऊ," वाल्मीक म्हणाला.

फोन बंद झाल्यावर मयुरी म्हणाली, "आपण मम्मीसाठी कार्ड करायचं."

"दुकानात भेटते ना," वाल्मीक म्हणाला.

"दुकानातलं नाही. हातानं. आम्हाला समीक्षा मॅडमनी नवीन वर्षाला शिकवलं. सगळ्यांनी मिळून करायचं. तुम्ही पण."

वाल्मीकनं आपल्या हातांकडं पाहिलं. पट्ट्यांनी कापलेली, जाड झालेली बोटं. त्यांनी कधी फुगा फुगवून बांधला असेल तेवढाच. पण तो 'नाही' म्हणाला नाही.

मयुरीच्या डोक्यात पक्कं होतं. कार्डावर पिंपळाचं जाळीचं पान लावायचं. हिरवं पान बरेच दिवस पाण्यात भिजवलं की त्याचा गर कुजतो, तो अलगद घासून काढला की नुसती शिरांची जाळी उरते, असं मॅडमनी सांगितलं होतं. विहारासमोरच्या पिंपळाखाली वाऱ्यानं पडलेली हिरवी पानं दोघा भावंडांनी वेचून आणली आणि न्हाणीजवळच्या जुन्या बादलीत बुडवून ठेवली.

आठवड्याभरात त्या पाण्याला असा वास सुटला, की बेबाबाईनं एक दिवस नाक धरून अख्खी बादली गटारीत ओतली.

मयुरी शाळेतून आली. रिकामी, घासून पालथी घातलेली बादली तिनं पाहिली. ती ओरडली नाही, रडलीही नाही. दप्तर ठेवलं आणि परत पिंपळाकडं निघाली. बेबाबाईला मग राहवलं नाही. "अवं, पण ते काय व्हतं तरी? मले वाटलं कचरा हाये."

"मम्मीचं कार्ड होतं, आजी."

बेबाबाईनं हातातलं काम खाली ठेवलं. मग पदर खोचून नातीच्या मागं गेली आणि तिच्याच बरोबरीनं पानं वेचू लागली. "हे नको, याले कीड हाये. हे घे, याचं देठ पाह्य कसं लांब हाये." बादली आता घरामागं, कोंबड्यांच्या खुराड्यापलीकडं ठेवली गेली, आणि रोज सकाळी बेबाबाई स्वतः जाऊन लाकडानं पाणी ढवळून यायची. वास तसाच होता. पण आता त्याच्याबद्दल घरात कोणी चकार शब्द काढत नव्हतं.

जिनिंगमध्ये वाल्मीकसोबत रुपचंद नावाचा माणूस काम करायचा. अमळनेरकडचा, अहिराणी बोलणारा, तोंडानं फाटका. "काय वाल्मीकभाऊ, आज काय रांधं?" हे त्याचं रोजचं. एका दुपारी डबा खाताना वाल्मीकनं विचारलं, "रुपचंद, जाड पुठ्ठ्याचा कागद कुठं भेटंल? चांगला. पांढरा."

"कसाले?"

वाल्मीकनं सांगितलं. लपवण्यासारखं त्याला त्यात काही वाटलं नाही. रुपचंद मोठ्यानं हसला, शेजारच्या दोघांना सांगितलं, तेही हसले. "बायकोकरता कार्ड! आते मेंदी बी काढ हातवर!" वाल्मीक भाकरी मोडत राहिला.

पण दुसऱ्या दिवशी रुपचंद आला तो काखेत एक बांधलेला गठ्ठा घेऊन. मागच्या उन्हाळ्यात त्यानं मुलीचं लग्न केलं होतं आणि हौसेनं जाडजूड पत्रिका छापल्या होत्या. त्यातल्या खूप उरल्या होत्या. आतलं पान हस्तिदंती रंगाचं, सोनेरी काठाचं, मागून अगदी कोरं. गठ्ठा वाल्मीकच्या पायाशी टाकत तो म्हणाला, "ल्या. बठ्ठ्या उरेल शेत. घरमा जागा खाई ऱ्हायन्यात." आणि वाल्मीक काही बोलायच्या आत प्रेसच्या आवाजात निघून गेला.

पानं तयार झाली तो दिवस घरात सणासारखा गेला. मयुरीनं परातीत स्वच्छ पाणी घेतलं, जुन्या दात घासायच्या ब्रशनं एकेका पानावरचा काळपट गर हलक्या हातानं काढायला सुरुवात केली. पहिली काही फाटली. आकाशनं एक हातात घेतलं आणि त्याचं लगेच भोक पडलं. मग मयुरीनं ब्रश वडिलांच्या हातात दिला. "पप्पा, तुम्ही करा. घाई नाही करायची."

घाई तर वाल्मीकच्या स्वभावातच नव्हती. तो उकिडवा बसला आणि त्या जाड बोटांनी पानाला असं धरलं जसं तान्ह्या आकाशला धरलं होतं. ब्रश फिरला, गर सुटला, आणि पाण्याखाली शिरांची बारीक, पूर्ण जाळी दिसू लागली. मधली मोठी शीर, तिच्यातून फुटलेल्या लहान, त्यांच्यातून आणखी लहान. वाल्मीक बघतच राहिला. एवढी वर्षं त्या पिंपळाखालून तो जात होता. पानाच्या आत असं काही असतं हे त्याला माहीत नव्हतं.

"भुरकं दिसतं," मयुरी नाराजीनं म्हणाली. "रंग पाहिजे."

"नीळ लाव ना," बेबाबाई दारातून म्हणाली. "पांढऱ्या साडीले लावते तशी. जराशीच."

वाटीत नीळ कालवली, पान बुडवून काढलं, वहीच्या पानांत दाबून वाळवलं. सकाळी वही उघडली तर आत निळं पान होतं, इतकं हलकं की श्वासानं उडावं. हस्तिदंती पुठ्ठ्यावर ते खळीनं चिकटवलं आणि मयुरी दोन पावलं मागं जाऊन, डोकं तिरकं करून बघू लागली. बेबाबाईनं जवळ येऊन पाहिलं आणि म्हणाली, "माय वं!"

आतल्या बाजूला आकाशनं आई काढली. मोठं डोकं, हातात इंजेक्शन. आईचे कपडे पांढरे दाखवायचे होते, पण पांढरा खडू पुठ्ठ्यावर उठेना. तेवढ्यात वाल्मीक कामावरून आला. आकाशनं त्याला वाकायला लावलं, त्याच्या केसांतली रुई वेचली आणि चित्रावर चिकटवून आईला युनिफॉर्म घातला.

मग लिहायची वेळ आली. मयुरीनं आधी स्वतःचं लिहिलं. आकाशनं आपलं नाव उलट्या 'श'सकट लिहिलं. बेबाबाईनं सांगून लिहवलं, "तब्येतीले जप, घराची काळजी करू नको, घरी मी हाये." आणि खाली अंगठा नाही, सही केली. प्रौढांच्या वर्गात शिकलेली, चार अक्षरांची.

"आता पप्पा."

वाल्मीकनं पेन हातात घेतलं. कार्डाकडं बघितलं. "अभिनंदन लिहू?"

"ते तर मी लिहिलंय. तुमचं लिहा."

"तूच लिही ना माझ्या नावानं."

"नाही. ज्याचं त्यानं."

त्यानं खूप विचार केला. जिनिंगमध्ये पट्ट्या आवळताना केला, नळावर केला. मनात पुष्कळ होतं. पण त्याच्या घरात असलं कधी कोणी कोणाला बोललं नव्हतं. त्याच्या बापानं त्याच्या मायला उभ्या जन्मात "चहा चांगला झाला" असं म्हटलेलं त्यानं ऐकलं नव्हतं. निघायचा दिवस उजाडला तरी कार्डावरची त्याची जागा कोरीच होती. मयुरीनं कार्ड एका मोठ्या पुस्तकात घातलं, पुस्तक पिशवीत घातलं, आणि बरोबर कात्री, खळीची डबी, उरलेल्या पत्रिकांचा गठ्ठाही घेतला.

"हे सगळं कसाले?" वाल्मीकनं विचारलं.

"असू द्या."

बेबाबाईला एसटीत उलट्या होतात, म्हणून ती घरीच थांबली. तिघं पहाटेच्या गाडीनं जळगावला उतरले आणि स्टँडवरून धुळ्याची एसटी धरली. गर्दी होती. एरंडोल आलं तरी वाल्मीक उभाच होता. मयुरीला खिडकीजवळ जागा मिळाली होती, आकाश तिच्या मांडीवर पेंगत होता, म्हणून पिशवी वाल्मीकनं छातीशी धरली होती. त्यातलं पुस्तक त्यानं स्वतःच बाहेर काढून हातात घेतलं, पिशवीत ते दुमडेल म्हणून.

एरंडोल सुटल्यावर रस्त्यात गाय आडवी आली. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. वाल्मीक पुढं भेलकांडला, सीटच्या दांडीवर आपटला, आणि पुस्तक त्याच्या कोपराखाली सापडून दुमडलं.

गाडी पुन्हा चालू झाल्यावर मयुरीनं पुस्तक मागून घेतलं आणि उघडलं. पुठ्ठ्याला मधोमध घडी पडली होती. निळं पान चुरा होऊन पानांच्या बेचक्यात गोळा झालं होतं.

वाल्मीकनं वाकून पुठ्ठ्यावरची घडी अंगठ्यानं दाबून पाहिली. "माझ्याच हातानं झालं," तो म्हणाला.

मयुरी खिडकीबाहेर बघत राहिली. पारोळा आलं, गेलं. वाल्मीकला वाटत होतं पोरीनं रडावं, भांडावं, काही तरी करावं. शेवटी ती वळली आणि म्हणाली, "माझ्याकडं अजून पानं आहेत. चांगली झाली होती ती सगळी घेतली मी. फक्त मम्मी दिसायच्या आधी करायला पाहिजे."

वाल्मीकनं आपल्या लेकीकडं पाहिलं. जेमतेम दहा वर्षांची पोर. पिशवीत कात्री का घेतली ते त्याला आता कळलं. तिच्या आईनंही घर सोडायच्या आधी सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या होत्या, कशात डाळ, कशात साखर, मीठ संपलं तर कुठं.

नर्सिंगची शाळा मोठ्या दवाखान्याच्या मागच्या अंगाला होती. गेटवरच्या वॉचमननं विचारलं, "कोना घरना शेतस?" वाल्मीकनं नाव सांगितलं, तसं त्यानं व्हरांड्याकडं हात केला. "बठा तठे. पोरी तयारी करी ऱ्हायन्यात."

व्हरांड्यात स्वच्छ फरशी होती. तिघांनी तिथंच बैठक मारली. मयुरीनं नवा पुठ्ठा काढला, वाल्मीकनं कात्रीनं आधीच्या कार्डावरच्या मयुरीच्या आणि बेबाबाईच्या ओळी सहीसकट कापून नव्यावर चिकटवल्या, आकाशनं आधीच्या कार्डावरून रुई खरवडून नव्या चित्रातल्या आईला कपडे चढवायला घेतले. इतर मुलींच्या घरचे लोक येत होते, जात होते, पेढ्यांचे खोके, फुलांचे गुच्छ.

खांबाशी एक मुलगी उभी होती. सावळी, बारीक चणीची, नवा कोरा पांढरा युनिफॉर्म, केस घट्ट बांधलेले. ती मघापासून यांच्याकडं बघत होती. मयुरीनं नवं निळं पान पुठ्ठ्यावर ठेवलं तशी ती जवळ येऊन खाली बसली.

"तू ज्योत्स्नाताईची मयुरी ना? आणि हा आकाश. तुमचे फोटो पाहिलेत मी. मी रमिला. ताईच्या शेजारचाच पलंग माझा." मग वाल्मीककडं बघून ती जरा लाजून हसली. "म्हणजे तुम्ही आमचे दाजी."

वाल्मीकनं कात्री खाली ठेवली. "हां," तो म्हणाला. "तुमच्या घरचे आले का?"

"नाही. आमचं गाव धडगावच्या वर, डोंगरात. आणि आई-बाबा आता गुजरातला आहेत, ऊसतोडीला. शपथेचा फोनवर सांगितलं. बाबा म्हणाले, मुकादम सोडणार नाही." ती हे काही तक्रार म्हणून सांगत नव्हती. बोलता बोलता तिनं बोटाच्या टोकानं पानाची जाळी हळूच चाचपली. "किती सुंदर केलंय."

"तुम्हाला कार्ड कोण देणार मग?" आकाशनं विचारलं.

"मला कोण देणार?" रमिला हसली आणि कोणी तरी हाक मारली म्हणून उठून आत गेली.

मयुरीनं वडिलांकडं पाहिलं. वाल्मीकनं गठ्ठ्यातला एक पुठ्ठा ओढला आणि त्याचा काठ कापायला सुरुवात केली.

पान चिकटवून झालं. "पप्पा, यावर तुम्ही लिहा," मयुरी म्हणाली. "त्यांचे बाबा नाहीत ना आले. मोठ्या माणसानं लिहायला पाहिजे."

वाल्मीकनं पेन घेतलं. त्यानं ऊसतोडीच्या फडातल्या त्या बापाचा विचार केला, जो आत्ता कुठं तरी कोयता घेऊन उभा असेल आणि ज्याला आज काय आहे हे ठाऊक असेल. आणि कार्डावर अक्षरं उतरली, वाकडी पण न अडखळता. 'रमिला, तुझे आई-बाबा कामावर आहेत म्हणून त्यांच्या वतीनं मी लिहितो. तू एवढ्या लांबून येऊन शिकते. तुझ्या घरच्यांची मान वर झाली. तुझा मोठा भाऊ, वाल्मीक.'

त्यानं ते वाचलं. मग ज्योत्स्नाचं कार्ड पुढं ओढलं आणि त्याच दमात, मान वर न करता लिहीत गेला. लिहून झाल्यावर पेनाला टोपण लावून कार्ड मयुरीकडं सरकवलं. तिनं वाचलं. 'लोक मला विचारतात, बायको कुठं असते. मी सांगतो, धुळ्याला सिस्टरचं शिकायला गेली. हे सांगताना मला लई बरं वाटतं. वाल्मीक.' मयुरी एरवी बापाच्या ऱ्हस्व-दीर्घावर टपलेली असायची. या वेळी तिनं काहीच दुरुस्त केलं नाही. शाई वाळावी म्हणून हलकेच फुंकर मारली आणि कार्ड मिटलं.

बातमी आत कशी पोचली कोण जाणे. रमिलाच्या मागं आणखी दोघी आल्या, एक साक्रीकडची, एक शिरपूरच्या पलीकडची. मग आणखी काही. कुणाचा बाप आजारी, कुणाच्या घरी कापूस वेचणी, कुणाच्या घरी लग्न मोडून शिकायला आली म्हणून अबोला. मयुरीकडची पानं संपली. मग आकाशनं खडूनं पानं काढायला घेतली, मुली हसत आपापलं नाव सांगू लागल्या आणि वाल्मीक कापत होता, घड्या घालत होता, लिहीत होता. एकीनं म्हटलं, "दाजी, माझ्यावर जरा मोठं लिहा ना." त्यानं मोठं लिहिलं.

"हे काय चाललंय?"

प्रिन्सिपल मॅडम व्हरांड्याच्या टोकाला उभ्या होत्या. स्वच्छ फरशीवर पुठ्ठ्याच्या कातरणांचा सडा पडला होता, खळीचे डाग होते, रुईचे पुंजके वाऱ्यानं फिरत होते. मुली चटकन उभ्या राहिल्या. वाल्मीकही उठला, खळीनं बरबटलेले हात मागं घेत.

"मॅडम, ज्यांच्या घरून कोणी आलं नाही, त्यांना कार्ड करतोय," मयुरी म्हणाली. तिचा आवाज बारीक होता, पण नजर खाली नव्हती. "झालं की झाडून घेतो आम्ही."

मॅडमनी वाकून एक कार्ड उचललं. वाचलं. दुसरं उचललं. "तुम्ही कोणाकडचे?"

"ज्योत्स्ना तायडेच्या घरचे," वाल्मीक म्हणाला.

"अच्छा!" मॅडमच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. "म्हणजे तुम्ही ते. मुलाखतीला मीच होते. दोन लहान मुलं म्हटल्यावर आम्हाला शंका. मी विचारलं, मुलांना कोण सांभाळणार? म्हणाल्या, त्यांचे पप्पा. मी म्हटलं, आणि ते कंटाळले तर? तीन वर्षं आहेत. त्या म्हणाल्या, ते कंटाळत नाहीत मॅडम." त्या हसल्या. "लगेच सीट दिली मी. चला, उरका आता. आणि झाडू त्या कोपऱ्यात आहे."

त्या गेल्यावर वाल्मीकनं झाडू घेतला. फरशी झाडताना तो एकच जागा पुन्हा पुन्हा झाडत होता, हे मयुरीच्या लक्षात आलं.

सभागृहात पडदे ओढले होते. मुलींच्या रांगा आत आल्या, प्रत्येकीच्या हातात दिवा. अंधारात आधी नुसते दिवेच दिसत होते, मग हळूहळू त्यांच्या उजेडात चेहरे. आकाश खुर्चीवर उभा राहून आई शोधत होता. "पप्पा, मम्मी नाही यात!"

खरंच ती रांगेत नव्हती. वाल्मीकनं मान उंचावून पुन्हा एकदा रांगा पाहिल्या. तेवढ्यात व्यासपीठावरून माईक लावल्याचा आवाज आला आणि निवेदन करणाऱ्या बाई म्हणाल्या, "शपथेचं वाचन करतील, आपल्या वर्गातल्या वयानं सर्वांत मोठ्या आणि पहिल्या चाचणीत पहिल्या आलेल्या विद्यार्थिनी, ज्योत्स्ना वाल्मीक तायडे."

आपलं नाव त्या मोठ्या खोलीत, माईकवरून, बायकोच्या नावाला जोडलेलं ऐकलं आणि वाल्मीक खुर्चीत ताठ झाला.

ज्योत्स्ना पुढं आली. पांढरा युनिफॉर्म, हातात दिवा. पहिली आल्याचं तिनं फोनवर सांगितलंच नव्हतं. कदाचित आज समोरासमोर सांगावं म्हणून ठेवलं असेल. ती एक ओळ म्हणायची आणि सगळ्या मुली तिच्यामागून म्हणायच्या. रोग्याची जात, धर्म, पैसा न बघता सेवा करीन. त्याचं गुपित माझ्यापाशी राहील. माझ्या हातून कोणाला अपाय होऊ देणार नाही. घरात "जेवायला या रे" म्हणणारा तोच आवाज. पण त्याच्यामागं आता साठ आवाज उठत होते आणि तो जराही कापत नव्हता. वाल्मीकनं डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. लोक ऐकत होते. त्याच्या डाव्या हाताला कोणी तरी गुरुजींसारखे गृहस्थ बसले होते. वाल्मीक आपण होऊन कधी कोणाशी बोलत नसे. तो त्यांच्याकडं झुकला आणि म्हणाला, "ती मधली. माझी मिसेस."

"हो का? वा!" गृहस्थ म्हणाले.

"पहिली आली," वाल्मीकनं पुढं सांगितलं.

कार्यक्रमानंतर मैदानात एकच गलका झाला. मुलं आईच्या अंगावर जाऊन पडली. आकाशनं युनिफॉर्मला खळीचा हात लावला, तरी तिनं त्याला खाली ठेवलं नाही. मयुरीनं कार्ड दिलं. ज्योत्स्नानं आधी निळं पान पाहिलं, उन्हात तिरकं धरून पाहिलं. मग उघडलं. मुलीचं वाचलं, रुईच्या कपड्यांतल्या स्वतःला पाहून हसली, सासूची सही पाहिली. आणि मग खालच्या ओळींवर ती थांबली. बराच वेळ थांबली. त्या ओळी काही इतक्या लांब नव्हत्या.

"मयुरीचे पप्पा," ती म्हणाली, "हे तुम्ही लिहिलं?"

"हां."

तिनं कार्ड मिटलं आणि दोन्ही हातांनी पोटाशी धरलं. वाल्मीकच पुढं म्हणाला, "युनिफॉर्म चांगला दिसतो." आणि मग, हे कमी पडलं असं वाटून, "लई चांगला दिसतो."

रमिला धावत आली. तिच्या हातात तिचं कार्ड होतं. तिनं त्याचा फोटो काढून बापाला पाठवला होता आणि फडातून उलटा फोन आला होता. "बाबांना वाचता येत नाही, पण मुकादमाच्या पोरानं वाचून दाखवलं," ती सांगत होती. "बाबा म्हणाले, त्या भाऊला सांग, धडगावला यायचं. कोंबडा कापू." सगळे हसले. बाजूला आणखी मुली कार्डं उंच धरून एकमेकींचे फोटो काढत होत्या. कोणाच्या कार्डावर खडूचं पान, कोणाच्या मागं अजून कुठल्याशा लग्नाची सोनेरी वेल.

दुपारी मुलींची दवाखान्यात वॉर्डांची पाहणी होती, म्हणून भेट लवकर आवरावी लागली. शिट्टी झाली. मुली दोन-दोनच्या रांगेत उभ्या राहिल्या आणि दवाखान्याच्या दिशेनं निघाल्या. पांढरी लांब रांग, तिच्यात ज्योत्स्ना कुठं तरी पुढं. वाल्मीक, मयुरी आणि आकाश गेटजवळच्या कडुलिंबाखाली उभे होते.

"मम्मी!" आकाशनं हाक मारली. रस्त्यावरच्या रिक्षांच्या आवाजात ती पोचली नाही. "मम्मीऽ!"

रांग वळणाशी आली होती. आणखी थोड्या वेळात ती भिंतीआड गेली असती. तेव्हा वाल्मीकनं, ज्यानं उभ्या आयुष्यात रस्त्यावर बायकोला हाक मारली नव्हती, तोंडाशी दोन्ही हात धरले आणि प्रेसच्या घरघराटात मारायचा तसा खणखणीत आवाज दिला.

"ओ सिस्टऽर!"

अख्खी रांग थांबली. साठच्या साठ जणींनी एकदम मागं वळून पाहिलं, आणि मग काय झालं ते कळून सगळ्या हसत सुटल्या. वॉचमन हसला, रिक्षावाले हसले. रांगेच्या पुढून एक हात वर झाला, खूप उंच, आणि हलत राहिला. वाल्मीकनंही हात वर केला. लोक त्याच्याकडं बघत होते आणि तो बघू देत होता.